ऊस दिसला, चतुर निसटला

मी एक जुना ऊस आहे.

नाही, नाही. थांबा मित्रांनो, नजर मागे घसरली. पुन्हा सांगतो.

मी एक जुना चतुर... गेला. पुन्हा ऊसच.

मी एक जुना कॅमेरा आहे. हां, आता जमलं. समोरून चतुर, तो चार पंखांचा किडा, उडत येतो, मी त्याच्यावर नजर रोखू पाहतो, तोवर तो निघून गेलेला असतो आणि त्याच्या मागचा ऊस मला लख्ख दिसतो. पानापानावरची धूळसुद्धा. उसाचे इतके सुरेख फोटो आमच्या कोल्हार गावात दुसऱ्या कुणी काढले नसतील. ते कुणाला नको आहेत, ही गोष्ट वेगळी.

खरं तर आयुष्य क्रमाने सांगायची रीत आहे. पण माझ्या पोटातले कितीतरी फोटो पुसले गेले. जे उरलेत तेच दाखवतो.

जन्म. फोटो नाही. स्वतःचा फोटो मला काढता येत नाही.

उमेदीची वर्षं. फोटो, स्पष्ट. अंतरपाट नुकताच खाली आला आहे आणि नवरी हसू दाबते आहे. माझे मालक भिमाजी फ्लॅश मारत नसत. "फ्लॅशनं तोंडं पिठात बुडवल्यावानी दिसत्यात," ते म्हणत. मंडपात जेवढा उजेड असेल तेवढ्यातच ते फोटो काढायचे. श्वास रोखून, कोपर बरगडीला टेकवून. त्या उजेडात मला डोळा जरा जास्त वेळ उघडा ठेवावा लागे, पण त्यांचा हात दगडासारखा असे. लोक म्हणायचे, फोटो काढावा तर भिमाजींनीच. मला वाटायचं, हे कौतुक माझं आहे.

फोटो, धूसर. हीच जागा, दुसरी नवरी. तिच्या नथीची रेघ झाली आहे.

फोटो, धूसर. फोटो, धूसर.

मी गोंधळून गेलो, मित्रांनो. मी तर नेहमीसारखाच पाहत होतो!

"पूजे, कॅमेरा गेला कामातून," भिमाजी त्यांच्या लेकीला म्हणाले. पूजा आता स्टुडिओत त्यांच्या बरोबरीने काम करते. तिने मला नगरला दुरुस्तीला नेलं. तिथल्या माणसाने मला उघडलं, फुंकर मारली, पुन्हा मिटलं. याला काही झालेलं नाही, म्हणाला.

काही झालेलं नाही, तर मग नथीची रेघ का? मला कळेना.

भिमाजींना ते पटलं नाही. राहात्याचं एक मोठं लग्न त्यांनी घेतलं होतं आणि ते तोंडावर आलं होतं.

"आण्णा, राहात्याला मी जाते," पूजा म्हणाली.

"का? मी काय मेलो व्हय? नदीवर जातो. उडता चतुर धरला ह्यानं, तर कॅमेरा चांगला, आन् लग्न माजं. न्हाई धरला, तर सोडला दोघांनी बी धंदा."

दोघांनी म्हणजे त्यांनी आणि मी.

"अवो, नवऱ्या सोडून किडं टिपाय निगाला व्हय?" रंगूबाई आतून म्हणाल्या. त्या भिमाजींच्या पत्नी. हल्ली त्या नवऱ्याला बशीतून चहा देत नाहीत. पेल्यात देतात, तोही अर्धाच. का, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

प्रवरेच्या काठी, उन्हात. फोटो, ऊस. फोटो, पाणी. फोटो, ऊस. फोटो, भिमाजींचा अंगठा.

लाल चतुर हवेतच थांबतो, मागे सरकतो, नाहीसा होतो. मला वाटतं तो आहे, तेव्हा नसतो. वाटतं नाही, तेव्हा लेन्ससमोर. अशा प्राण्याकडे पाहायचं तरी कसं?

मग भिमाजींच्या ध्यानात आलं, की तो फेरी मारून पाण्यातल्या त्याच काटकीवर येऊन बसतो. त्यांनी माझी नजर काटकीच्या जरा अलीकडे, मोकळ्या हवेत रोखून ठेवली. "आता हलू नगंस," ते पुटपुटले. मला की स्वतःला, कोण जाणे. रखरखीत ऊन होतं. मी क्षणाहूनही कमी वेळ डोळा उघडला आणि मिटला.

फोटो, स्पष्ट. चतुर हवेत. चारही पंख. पंखांतली जाळी अशी, की जणू कुणी बसून विणली आहे.

"धरला! पूजे, धरला बग!" स्टुडिओच्या पायरीवरूनच ते ओरडले. "आता बोल! हात दगड हाय का न्हाई?"

पूजाने फोटो पाहिला. खूप वेळ पाहिला. "लई भारी आलाय, आण्णा," म्हणाली. मग हळूच म्हणाली, "आईचा बी एक काढा ना. तुमच्या पद्धतीनं. फ्लॅश नको."

रंगूबाई स्टुलावर बसल्या. पदर सारखा केला. खोलीत मंडपाएवढाच उजेड होता. मी डोळा जरा जास्त वेळ उघडा ठेवला.

फोटो, धूसर.

पुन्हा. फोटो, धूसर.

उडणारा चतुर स्पष्ट आणि बसलेली बाई धूसर! माझी मती गुंग झाली. इतक्यात मला ते जाणवलं. माझ्या अंगाखाली, भिमाजींच्या बोटांत, बारीकशी थरथर. उन्हात डोळा इतक्या झटकन मिटला होता, की तिला फोटोत शिरायला वेळच मिळाला नव्हता.

"मीच हालले आसंन," रंगूबाई घाईने म्हणाल्या.

भिमाजींनी मला डोळ्यापासून खाली घेतलं.

"तू न्हाई हालली, रंगू."

त्यांनी माझा पट्टा गळ्यातून काढला आणि पूजाच्या गळ्यात घातला. "मंडप तुजा," म्हणाले. दारापर्यंत गेले, तिथून वळले. "उन्हातलं चतुर मातर माजं. सकाळी मला कॅमेरा लागंन."

चूक माझी नव्हती, हे समजून मला आनंद व्हायला हवा होता. तो का झाला नाही, हे अजून कळलेलं नाही.

राहात्याच्या नवरीची नथ पूजाने छान टिपली. आणि सकाळी मी पुन्हा काठावर होतो.

मित्रांनो, मला मऊ कापडाने पुसा, ओलीपासून जपा, एवढं तर मी सांगणारच. पण तुमच्या घरातला एखादा हात थरथरू लागला, तर त्याला घरातल्या अंधारात बसवून ठेवू नका. त्याला उन्हात न्या. तिथे त्याला अजून बरंच काही धरता येतं.

मी एक जुना... ऊस. पुन्हा ऊसच दिसतो आहे.

असू दे. भिमाजींनी श्वास रोखला आहे. चतुर त्याच काटकीवर परत येतो.