दांड्याआडची जागा

समाधान वालचंदनगरच्या कारखान्यात, यंत्रांचे आराखडे काढणाऱ्या ड्रॉइंग ऑफिसात नोकरीला होता. कळंबच्या युवराजची आणि त्याची शाळेपासूनची दोस्ती. सत्त्याण्णव साली युवराजनं आपल्या जिप्सीला पुण्याहून मोठे डिस्क ब्रेक बसवून आणले, आणि मागोमाग अलॉयची चाकंही घेतली. चाकं चढवायच्या आधी त्यानं समाधानला बोलावलं.

"नव्या ब्रेकला ही चाकं घासणार न्हाईत ना? एवढं बघून दे."

अंगणात शेजारपाजारची माणसं जमली होती. समाधाननं टेप लावून डिस्क मोजली, रिमची आतली गोलाई मोजली. जागा भरपूर होती. पण डिस्कला दोन्हीकडून धरणारा कॅलिपर बाहेरच्या अंगाला किती पुढं येतो, चाकाच्या दांड्यांना तो लागेल का, हे चाक चढवून, आत वाकून बघायला हवं होतं. हे त्याला ठाऊकही होतं. पण अंगात इस्त्रीचा शर्ट होता, आणि युवराजची बायको माधवी चहा घेऊन आली होती.

"बसतंय," तो म्हणाला. "बिनघोर चढव."

चाकं चढली. हातानं फिरवली तेव्हा फिरलीही. पुढच्या आठवड्यात युवराज वडिलांना, दत्तोबांना, बारामतीला डोळ्यांच्या डॉक्टरकडं घेऊन निघाला. एका वळणावर चाकावर भार आला आणि दांडा कॅलिपरला घासला. चाक अडकलं, गाडी रस्ता सोडून कडेच्या पाण्याच्या चारीत गेली. दत्तोबांचं कपाळ फुटलं, टाके पडले.

समाधान भेटायला गेला तेव्हा दत्तोबा पोरावर तडकले होते.

"कुणाला इचारलं व्हतंस का ती चाकं घालताना?"

युवराजनं समाधानकडं एकदा पाहिलं. "न्हाय आबा. माझ्याच मनानं घातली."

"आरं, समाधानसारखा शिकलेला माणूस घरचा असताना!"

समाधाननं बशीत चहा ओतला आणि मान खाली घालून प्यायला.

घरी ताटावर बसला, पण भात नुसताच चिवडत राहिला. बायकोनं, रश्मीनं विचारलं, "बरं नाही का?" "भूक नाही," म्हणून तो ताटावरून उठला.

सकाळी तो पुन्हा कळंबला गेला.

"आबा, चाकं मी बघितली व्हती. नीट न बघताच बसत्यात म्हणालो."

दत्तोबांनी कपाळावरची पट्टी चाचपली. मग म्हणाले, "चूक हुतीया. पण काल माझं पोरगं शिव्या खात व्हतं, तवा तू हितंच बसला व्हतास."



दुपारभर समाधाननं आणि युवराजनं मिळून जुनी लोखंडी चाकं परत चढवली. समाधान मातीत आडवा होऊन प्रत्येक चाकाच्या आत बोट घालून बघत होता.

"सांगायची काय गरज व्हती?" युवराज पुटपुटला. "मी मिटवलं व्हतं की."

"म्हणूनच," समाधान म्हणाला. मग तो पुढच्या चाकाकडं सरकला.

माधवीनं जेवायला हाक मारली. दत्तोबा कपाळाला पट्टी बांधून ओसरीवर बसले होते. त्यांच्यासमोरून आत जाताना समाधानची नजर वर झाली नाही.