करपण्याआधीचा वास

"काका, वास घेऊन सांगा. दालचिनी पुरे, की अजून अर्धा चमचा?"

ऋताने चमचा रामदासच्या नाकाखाली धरला. त्याने डोळे मिटले, श्वास ओढला, जरासा थांबला आणि म्हणाला, "पुरे. वरून जायफळ किसा थोडं."

तो नेहमी असाच वास घ्यायचा, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. पण चमच्यातल्या सफरचंदाचा, संत्र्याच्या सालीचा, लवंगेचा, गुळाचा कसलाच वास त्याला आला नव्हता. गणपती गेले आणि त्याला ताप आला. आठवड्याने ताप उतरला, पण वास परत आला नाही. उदबत्ती, सुकट, फिनेल, सगळं सारखंच. येईल चार दिवसांत म्हणता म्हणता डिसेंबर उजाडला. घरी बायकोला, रखमालासुद्धा त्याने सांगितलं नव्हतं.

लालबागच्या एका बेकरीत त्याने एकतीस वर्षं खारी भाजली होती. भट्टीचं दार न उघडता तो सांगायचा, अजून दोन मिनिटं. बेकरी बंद झाली तेव्हा लोअर परळला नवीन किचन काढणाऱ्या ऋताने त्याला बोलावून घेतलं. "माझ्याकडे सगळी मशिनं आहेत काका," ती तेव्हा म्हणाली होती, "फक्त तुमचं नाक नाही." हे वाक्य हल्ली त्याला रोज आठवायचं.

तीन महिने त्याने घड्याळावर काढले होते. ओव्हनच्या काचेतून रंग बघायचा, दाराजवळ कान नेऊन लोणी तडतडतंय का ते ऐकायचं. पण तेव्हा तो एकटा असायचा. आज नाताळाचा क्लास होता आणि टेबलाभोवती आठ बायका उभ्या होत्या. काम तसं सोपं. खारीसारख्या पदरांच्या पफ पिठाच्या तयार पट्ट्या आणलेल्या, त्यांचे चौकोन कापायचे, मध्ये मसाल्यातलं फळांचं सारण ठेवायचं, चारही टोकं जुळवायची आणि भाजायचं.

सारण गॅसवर आटत होतं. ऋता दारावर आलेली खोकी घ्यायला गेली. रामदासने गॅस बारीक केला, निदान त्याला तसं वाटलं, आणि तो चौकोनाची घडी दाखवू लागला.

"काका, माझी टोकं सुटतायत," कुणीतरी म्हणालं.

"पाणी जास्त झालं. नुसतं बोट ओलं करा."

तो तिच्या बाजूला गेला, घडी नीट करून दिली, मग शेजारणीची बघितली. जरा वेळाने त्याच्या लक्षात आलं की टेबलावरचे हात थांबलेत. एकीने नाकाला पदर लावला होता. सगळ्या त्याच्या पाठीमागे बघत होत्या.

"काका, लागलं ते," ऋता दारातूनच म्हणाली.

त्याने झडप घालून गॅस बंद केला. पळीबरोबर तळाचा काळा थर वर आला. ऋताने आधी भांड्याकडे, मग त्याच्याकडे बघितलं आणि बायकांकडे वळून हसली. "हा बर्नर जरा मोठाच आहे. होतं असं."

त्याने नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. आज बर्नर, उद्या भांडं, परवा काय सांगायचं?

"बर्नर बरोबर आहे," तो म्हणाला. "मला वास येत नाही. सप्टेंबरपासून."

ऋता त्याच्याकडे वळली. "आणि मघाशी दालचिनी?"

"अंदाजाने सांगितलं."

आठ जणींत सर्वांत वयस्क कौसल्याबाई होत्या, परळच्या एका हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या नर्स. त्यांनी हातातला चौकोन खाली ठेवला. "डॉक्टरला दाखवलंत?"

"नाही."

"का हो?"

"आता येणारच नाही म्हणाला तर?"

कौसल्याबाईंनी सुरी घेतली आणि सफरचंदं चिरायला घेतली. बाकीच्याही हळूहळू कामाला लागल्या.

नवं सारण झालं, चौकोन भरले, ट्रे आत गेला. रामदास ओव्हनपासून लांब, मोरीजवळ उभा राहिला. ऋता काचेसमोर उभी होती. "किती मिनिटं ठेवू, काका?"

"मिनिटांवर जाऊ नका, ट्रे गच्च भरलाय. वास कसला येतोय?"

"लोण्याचा."

"उतू गेलेल्या दुधासारखा?"

"हो, तसाच."

"म्हणजे कच्चं आहे. थांबा."

कौसल्याबाई ओव्हनपाशी आल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आता लाडवाची कणीक भाजल्यासारखा येतोय."

"त्यात संत्र्याची साल येते का?"

"नाही बा."

"मग हात लावू नका."

रामदासने ओले हात पँटला पुसले, पुन्हा पुसले. हाही ट्रे गेला तर?

"आली," ऋता म्हणाली. "साल आली."

"शेवटाला किंचित कडवट?"

"किंचित. हो."

"काढा."

ट्रे बाहेर आला. पदर सुटून चौकोन फुलले होते, रंग गव्हाळ, टोकं तेवढी तांबूस. बायका वाकून बघू लागल्या. रामदासने रिकामी खोकी पुढे ओढली.

खोकी भरताना ऋता त्याच्या शेजारी आली. "तीन महिने, काका. मला नाही सांगितलंत."

"चुकलं."

"नाताळाच्या ऑर्डरी आहेत. ओव्हन आता मी बघते."

"बघा." खोक्याचं झाकण लावत तो म्हणाला, "डावीकडचा मागचा कोपरा जास्त तापतो. अर्ध्यात ट्रे फिरवत जा."

"तुम्ही लाटायला, भरायला आहातच."

"आहे ना."

क्लास संपला. रामदास दार धरून उभा राहिला. जाता जाता एकेक जण खोक्याचं झाकण उचलून वास घेई आणि मग जिना उतरे. तो प्रत्येकीला "या हं" म्हणत होता. कौसल्याबाई शेवटी आल्या. त्यांनी खोकं न उघडता पिशवीत ठेवलं.

"सोमवारी साडेआठला," त्या म्हणाल्या. "आमच्या हॉस्पिटलात, ओपीडीच्या दाराशी मी उभी असेन."