तूर्तास आहे तिथेच

वकीलसाहेबांनी आयुष्यात एकच शब्द कमावला आणि त्यावर वकिली, आमदारकी आणि मध्यस्थी असे तीन संसार चालवले. तो शब्द म्हणजे ‘तूर्तास’.

वकिली नवी होती तेव्हा दोन भाऊ सामाईक भिंतीवरून एकमेकांच्या जिवावर उठले होते. साहेबांनी कागदावर लिहिलं, ‘भिंत तूर्तास आहे तिथेच राहील.’ थोरल्याला वाटलं, म्हणजे आज ना उद्या सरकेल. धाकट्याला वाटलं, राहील म्हटलंय ना, मग झालं. दोघांनी सह्या ठोकल्या. याला तीस वर्षं झाली. भिंतीवर आता वेल चढलाय.

कीर्ती पसरली, लोकांनी साहेबांना निवडून दिलं. राज्याच्या विधिमंडळात त्यांनी दोन हाडवैरी पक्षांची ‘तूर्तास’ युती जमवली. ती दोन मुख्यमंत्री खाऊनही तगली. मंत्रिपदासाठी मात्र पक्षाध्यक्ष त्यांना म्हणाले, “तूर्तास थांबा.” आपलंच नाणं आपल्याला परत मिळालेलं साहेबांनी लगेच ओळखलं.

पुढे निवडणूक हरल्यावर ते घरच्या पुढच्या खोलीत पूर्णवेळ भांडणं मिटवू लागले. ही खोली खरं तर त्यांच्या पत्नीची, म्हणजे बाईंची. लग्न झालं तेव्हाच तिथे शिकवणी घ्यायचं त्यांच्या मनात होतं. पण साहेबांनी तिथे फायलींचं कपाट आणलं. “तूर्तास ठेवतो गं,” म्हणाले होते.

बाई गेल्याच महिन्यात शाळेतून निवृत्त झाल्या. आज सकाळी त्या कागद घेऊन आल्या आणि साहेबांसमोरच्या खुर्चीत बसल्या.

“चहा आणलास?”

“पक्षकार म्हणून आलेय. माझा नंबर शेवटचा होता, पण या दोघांनी पुढे जाऊ दिलं.”

हे दोघे म्हणजे तेच भाऊ. आता गटाराच्या पाण्यावरून आले होते. बाकाच्या दोन टोकांना बसले होते.

साहेबांनी कागद वाचला. ‘पुढची खोली तूर्तास गणिताच्या वर्गाला द्यावी. साहेबांचं टेबल तूर्तास मागच्या गॅलरीत न्यावं.’ मागच्या गॅलरीत धुण्याचं मशीन होतं आणि कपडे वाळत घालायच्या चार दोऱ्या.

“बाकी सगळं मान्य,” साहेब हळूच म्हणाले. “तेवढा एक शब्द बदल. ‘एक महिना’ लिही.”

“का हो? या शब्दात काही खोट आहे?” बाईंनी वर्गातला आवाज लावला.

बाकावरच्या थोरल्याने मान वर केली. धाकट्याने कान टवकारले.

या शब्दाची मुदत साहेबांइतकी कुणाला ठाऊक असणार? खोट आहे म्हणावं, तर तीस वर्षांची भिंत या क्षणी अंगावर येणार. नाही म्हणावं, तर गॅलरी.

“छे, खोट कसली,” ते म्हणाले. “चांगला, शांत शब्द आहे.”

“मग करा सही.”

साक्षीदार म्हणून थोरल्याने सही केली. धाकट्याने मागे राहायला नको म्हणून केली. मग टेबलाचं एक टोक थोरल्याने धरलं, दुसरं धाकट्याने. तीस वर्षांत दोघांनी मिळून केलेलं हे पहिलं काम.

गॅलरीत टेबल टेकवून थोरला जरा घुटमळला. “साहेब, एक विचारू? तूर्तास म्हणजे साधारण किती दिवस?”

साहेबांनी तोंडावर येणारा ओला टॉवेल बाजूला सारला.

“तूर्तास सांगता येत नाही,” ते म्हणाले.