शामलाची जागा

बोलपटांनी नाटक कंपन्यांचं कंबरडं मोडलं, तेव्हा गोपाळराव पेटीवाल्यांनी हातपाय गाळले नाहीत. नागपुरात बर्डीवरचं एक पडीक थेटर, एक पेटी, एक तबला आणि काटोलच्या विधवा बहिणीच्या दोन मुली, एवढ्या भांडवलावर त्यांनी 'देशोदेशीचे नाच' हा खेळ उभा केला. स्पेनचा नाच टाळ्यांचा नि टाचांचा, रशियाचा उकिडवं बसून लाथा झाडण्याचा, जपानचा पंख्याचा. जपानचा तर चहाच्या डब्यावरच्या चित्रावरून बसवला होता. नागपुरातून जपानला जाऊन ताडून कोण पाहणार होतं! एकच नाच मात्र अस्सल होता. रेल्वेतल्या एका गोऱ्या ड्रायव्हरच्या बायकोनं तो मुलींना हौसेनं शिकवला होता. जाहिरातीत त्याला 'विलायती जोडनाच' म्हणत.

त्यात थोरली शामला पुरुष व्हायची आणि धाकटी प्रेमलता बाई. शामलाचा एक हात धाकटीच्या पाठीवर, दुसऱ्या हातात तिचा हात. शामला पुढे यायची, प्रेमलता मागे जायची. मागे जाणाऱ्याला काही दिसत नसतं. पाठीवरचा हात नेईल तिकडे जायचं, बस्स. प्रेमलतेला ते कधी अवघड वाटलं नाही. ती ताईच्या हाताखालीच वाढली होती.

पावसाळा सरता सरता शामला विषमज्वरानं गेली.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. कावळे झाडावर होते, खाली यायला राजी नव्हते. गेलेल्याचा जीव कशात तरी अडकला की असं होतं, आणि मग मागे राहिलेल्यांनी शब्द द्यायचा असतो. गोपाळरावांनी हात जोडले. "शामले, तुह्या मायले मी सांभाळतो." कावळे ढिम्म. "प्रेमाचं लग्न चांगल्या घरी लावून देतो." तरी ढिम्म. ऊन चढलं. भटजी कंटाळून दर्भाचा कावळा वळायला बसले. तेव्हा प्रेमलता पुढे झाली आणि रडत म्हणाली, "ताई, तुही जागा मी कोणाले देणार नाही वं."

कावळ्यानं सरळ झेप घेतली.

सगळ्यांना हायसं वाटलं. अंघोळी करून मंडळी घरी गेली. निरोप द्यायला आलो होतो आणि जागा राखून ठेवून चाललो, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. घाईला अक्कल नसते, दुःखाला तर त्याहून नसते.

गोपाळरावांनी महिन्याभरानं जोडनाचासाठी नवी मुलगी आणली. तिनं प्रेमलतेच्या पाठीवर हात ठेवला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. "इथं पहिलेच कोणाचा तरी हात हाये," ती म्हणाली, आणि त्याच पावली निघून गेली. मग प्रेमलता एकटीच नाचू लागली. हात उचललेले, डोळे मिटलेले, उलट्या पावलांनी सगळ्या रंगमंचावर गिरक्या. कुठं धडपडणं नाही की अडखळणं नाही. बर्डीभर बोभाटा झाला. लोक जिवंत प्रेमलतेला पाहायला येत नव्हते, मेलेल्या शामलाला पाहायला येत होते. थेटर भरू लागलं आणि गोपाळरावांच्या मिशीला पुन्हा पीळ चढला.

पण तो पीळ फार दिवस टिकला नाही. पोरगी सुकून काडी झाली होती. ताटात अर्धी भाकर कोणासाठी तरी ठेवायची. विहिरीवरून घागर घेऊन उलटीच चालत यायची. खेळ बंद केला, तरी तिचे पाय बंद होईनात. एकदा ती मामाजवळ बसली आणि म्हणाली, "मामाजी, ताई मले सोडतच नाही. का मीच तिले धरून ठेवलं, काही समजत नाही. पण असंच चाललं तर मी मरून जाईन. मले जगायचं हाये."

गोपाळराव घाबरले आणि त्यांनी सगळं कळवून काटोलहून बहिणीला बोलावून घेतलं.

रुखमाबाईंनी मुलींना नाचताना कधीच पाहिलं नव्हतं. विधवेच्या पोरी नाचतात, ही कुजबूज ऐकून ऐकून त्यांनी तिकडे डोळे झाकून घेतले होते. शामला गेली ती तशीच, आईनं तिचा नाच एकदाही न पाहता. दुपारच्या गाडीतून उतरून त्या तडक थेटरात आल्या. रंगमंचावर प्रेमलता रिकाम्या हातांनी फिरत होती. रुखमाबाईंनी पायातल्या वहाणा काढल्या आणि वर गेल्या.

"शामला कुठं उभी राहते?"

प्रेमलतेनं आपल्या समोर बोट दाखवलं.

"अन् तू?"

"मी इथं."

"मंग तिची जागा तिलेच राहू दे. तू कबूल केलं हाये. तुही जागा मले दे."

"माय, तुले नाही जमायचं. उलटं चालावं लागते."

"तुहा बाप गेल्यापासून दुसरं काय करून राहिली मी?" रुखमाबाई म्हणाल्या. "सरक बाजूले. गोपाळ, पेटी वाजव."

गोपाळरावांनी पेटी पुढ्यात ओढली आणि सूर धरला. प्रेमलता बाजूला झाली आणि आईचं कोपर धरून पाय शिकवू लागली. एक लांब, दोन आखूड, पुन्हा एक लांब. नऊवारी लुगडं पायांत येत होतं. रुखमाबाई अडखळत होत्या, हाशहुश करत होत्या. आणि मग एकाएकी त्यांची पाठ ताठ झाली. त्यांनी मान वर केली.

"सोड प्रेमा," त्या हळूच म्हणाल्या. "मी पडत नाही. तिनं धरलं मले."

प्रेमलतेनं हात काढून घेतला. आणि जन्मात कधी न नाचलेली ती बाई सराईतासारखी फिरू लागली. पेटी थांबली होती. गोपाळराव भात्यावर डोकं टेकून रडत होते. रुखमाबाई मात्र थांबल्या नाहीत. एकेक गिरकी घेत त्या विंगेकडे, विंगेतून मागच्या दाराकडे सरकू लागल्या, आणि त्या कशाला आल्या होत्या ते प्रेमलतेला तेव्हा कळलं. थोरलीला त्या घरी काटोलला घेऊन चालल्या होत्या.

इतके दिवस हेच तर प्रेमलतेला हवं होतं. हात हलके झाले होते, पाठ मोकळी झाली होती. ते मोकळेपण तिला क्षणभरही सोसेना. ती दाराकडे धावली.

"माय, नको नेऊ तिले! मले माफ कर, पण नको नेऊ वं!"

रुखमाबाई तिच्याकडे तोंड करूनच उलट्या पावलांनी दाराबाहेरच्या उन्हात उतरत होत्या. चेहऱ्यावर असं हसू होतं, जे प्रेमलतेनं आईच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, ते आपल्यासाठी आहे. पण आईची नजर तिच्यापर्यंत पोचतच नव्हती. ती मध्येच, आईच्या समोर हातभर अंतरावर, कोणाच्या तरी चेहऱ्यावर थांबली होती.