फोटोमागचा समुद्र

चंदर बांगर तहसील कचेरीतून निवृत्त झाला आणि समुद्र जमवू लागला. ज्या मुरबाडला अजून रेल्वे आली नाही तिथं बसून!

टोकावड्याच्या शाळेत पूर्वी करंजकर नावाचे चित्रकलेचे गुरुजी होते, मूळचे श्रीवर्धनचे. गावची आठवण आली की ते लाकडात किनारा कोरायचे, शाई फासून वर पातळ कागद ठेवायचे आणि चमच्याच्या पाठीनं घासून ठसा उचलायचे. विद्यार्थ्याच्या घरी लग्न निघालं की हाच आहेर. लोकांची आशा स्टीलच्या डब्यावर असायची, त्यामुळं बरेच समुद्र माळ्यावर गेले. चंदर ते हुडकतो आणि बदल्यात नवा कुकर देतो. दोन्हीकडच्यांना वाटतं, आपण समोरच्याला बनवलं. असा सुखाचा सौदा माझ्या फ्रेमच्या दुकानात कधी झाला नाही.

त्याच्याकडं जमले त्यात खडक आहेत, माड आहेत, रिकाम्या होड्या आहेत. माणूस एकातही नाही. "गुरुजी माणूस कोरायचेच नाहीत," हे तो माझ्या दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही ऐकवायचा. मग कळलं, वैशाखरे गावच्या मैनाकाकीच्या समुद्रात माणूस आहे. चंदरची झोप उडाली. माणूस असला तर चित्र गुरुजींचं नाही; आणि गुरुजींचंच निघालं तर हा इतकी वर्षं गुरुजींबद्दल काय सांगत होता?

फ्रेम उघडायला त्यानं मला नेलं. कुकर मांडीवर घेऊन मी त्याच्या मोटारसायकलवर मागं.

काकीच्या भिंतीवर समुद्र नव्हता. नवऱ्याचा हार घातलेला फोटो होता.

"समुद्र कुठाय काकी?"

"ह्यांच्या मागं." काकीनं फोटोकडं हात केला. "फ्रेम चांगली व्हती. दुसरी कशाला करायची? तेच्यातच बसवलं."

आमच्याकडची ही जुनी रीत. नवा फोटो पुढं, जुना मागं. टाकत कुणी काही नाही. माझा धंदा बसला तो ह्याच रीतीपायी.

"एकदा काढून बघू?"

"काढून? अन् ह्यांना कुठं ठेवू, कुकरात?" काकी म्हणाली. "उभ्या जन्मात दर्या बघाया मिळाला नाय त्यांना. आता बसलेत तर बसू दे."

चंदरचा चेहरा असा पडला की काकीलाच दया आली. "मागून उघड जा. पण त्यांना हलवायचं नाय." आणि ती चहा टाकायला आत गेली.

मी मागचे खिळे उपसले, पुठ्ठा काढला. चित्राची पाठ समोर आली. तिच्यावर चमच्याचे चकचकीत वळसे होते, चंदरच्या सगळ्या चित्रांच्या पाठीवर आहेत तसेच.

"गुरुजींचंच," तो हळूच म्हणाला. आता माणूस तेवढा बघायचा राहिला.

"उचल की. काकी आत आहे."

"गप रे."

म्हणाला गप, पण नख कोपऱ्याखाली गेलंच. कागद बोटभर उठला आणि चर्र झालं. घाटाखालची इतक्या पावसाळ्यांची ओल. चित्राची शाई फोटोच्या पाठीला धरून बसली होती. ओढलं असतं तर माणूस तिकडंच राहिला असता. चंदरनं नख काढलं, कोपरा तळहातानं दाबला.

"लाव पुठ्ठा," तो म्हणाला. मी लावला.

काकी चहा घेऊन आली. फ्रेम भिंतीवर पाहून तिनं हार सरळ केला. चंदरनं कुकर तिच्यापुढं सरकवला.

"चित्र न घेता?"

"असू दे. काकी, तो माणूस होडीत आहे का वाळूवर?"

"होडीत."

"तोंड कसं आहे?"

"तोंड कुठलं दिसतंय? पाठ हाय आपल्याकडं. टोपी घातलीय."

"टोपी कसली?"

"चाय पी आधी," काकी म्हणाली, "निवतेय."

त्यानं एका घोटात कप रिकामा केला आणि पुन्हा विचारलं, "टोपी कसली, काकी?"