हिमगिरी महाराजांची बर्फाची पेटी

चौऱ्याण्णव सालचा मे महिना. जामखेड तालुक्यातल्या बोरखडीत अख्खं गाव भर दुपारी मारुतीच्या पारासमोर उभं होतं, कारण पारावर हिमालय उतरला होता. तो एका लाकडी पेटीत होता आणि पेटी भगव्या कापडात गुंडाळलेली होती. मागे हिमगिरी महाराज बसले होते.

महाराज भक्ताने आणलेलं दोन घोट पाणी तांब्याच्या पेल्यात ओतायचे, त्यात चिमूटभर भस्म टाकायचे, पेला झाकणातल्या भोकात बसवायचे आणि मंत्र सुरू करायचे. मंत्रात कैलास यायचा, गंगा-यमुना यायच्या आणि महाराजांना कंटाळा आला की धुळे-जळगावही येऊन जायचं. अर्ध्या तासाने पेला उपडा केला की भक्ताच्या ओंजळीत बर्फाचा गोळा पडायचा. बोरखडीत त्या दिवसांत प्यायला टँकर यायचा, तिथे बर्फ! लोक तो कपाळाला लावत, पोरांना चाखवत. पुंजाराम न्हाव्याने भोकातून आत बोट घातलं, तर ते चुरचुरून लालभडक झालं. तेव्हापासून पेटीजवळ जायची कुणाची छाती होईना.

महाराज सांगायचे की मन शुद्ध असेल तर पाणी गोठतं; पाप्याचं पाणी हिमालयालाही गोठवता येत नाही.

आणि रतनबाईचं पाणी गोठलं नाही.

रतनबाई एकटी बाई. तिच्या विहिरीला मात्र मे महिन्यातही पाणी असायचं आणि निम्मी आळी तिथूनच भरायची. महाराजांनी तिचा पेला जमिनीवर रिता केला आणि डोळे वटारून सांगितलं, या घरात पाप आहे, विहीर बाटली आहे. अमावस्येच्या आत ती आपल्या मठाला दान केली नाही, तर पिणाऱ्यांचंही वाटोळं होईल. संध्याकाळी विहिरीवर एकही घागर दिसली नाही.

भारती कांबळे गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायची आणि रतनबाईच्याच खोलीत भाड्याने राहायची. तिच्या वडिलांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. त्यामुळे लहानपणापासून तिच्या घरात देव नव्हते, प्रश्न मात्र भरपूर होते. पेटीतल्या बर्फाचं तिला काडीचं नवल वाटलं नव्हतं. कुल्फीवाला तेच करतो. पण रतनबाई चूल न पेटवता भिंतीला टेकून बसलेली पाहिली, तेव्हा ती तिच्याजवळ जाऊन बसली.

"बाई, माज्या हातून काय घडलं आसंल?" रतनबाईने विचारलं. "मी लई आठवून बघितलं."

तिचा स्वतःवरचाच विश्वास गेला होता. भारतीने तिला चहा करून दिला आणि एकेक गोष्ट विचारून घेतली. महाराजांनी पाणी कसं घेतलं, पेला कोणता होता, भस्म कुठून काढलं. रतनबाई आठवत म्हणाली, "समद्यांना लाल बटव्यातलं दिलं. माज्या टायमाला पांढरा बटवा काढला आन चांगलं अर्धी मूठ टाकलं."

भारती खुदकन हसली. रतनबाईला ते हसू मुळीच आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी भारती पारावर गेली ती पापी ठरायचंच असं ठरवून. हिमालयात मीठ कितीला मिळतं, पेटीखालून पाणी का गळतं, असं तिने चारचौघांत विचारलं. लोक कुजबुजले. मग तिने आपलं पाणी पुढे केलं आणि महाराजांनी अपेक्षेप्रमाणे पांढरा बटवा सोडून त्यातलं अर्धी मूठ भस्म टाकलं. अर्ध्या तासाने पेल्यात पाणी तसंच डुचमळत होतं.

"विद्येचा अहंकार," महाराज उसासा टाकून म्हणाले आणि पेला रिता करायला हात पुढे केला. पण भारतीने आधीच तो उचलून ओठाला लावला होता. तिचं तोंड वेडंवाकडं झालं.

"कारभारी अण्णा, तुम्हीही चाखा."

कारभारी गावचे सरपंच. त्यांनी घोट घेतला आणि लगेच थुंकला. "आरं, हे तर खारट हाय."

"पापाची चव खारटच असते," महाराज म्हणाले.

"मग ते पाप तुमच्या बटव्यात कसं?" भारतीने विचारलं.

गर्दीत कुणीतरी फिदीफिदी हसलं. कारभारींनी दोन्ही बटवे ताब्यात घेतले आणि दोन पेले मांडले. एकात रतनबाईच्या विहिरीचं पाणी, भस्माशिवाय. दुसऱ्यात महाराजांच्या कमंडलूतलं, वर पांढऱ्या बटव्यातली सढळ अर्धी मूठ. या वेळी मंत्र कुणी म्हटला नाही. महाराजांचा घसा अचानक बसला होता. अर्ध्या तासाने रतनबाईचा पेला उपडा केला, तर टणक गोळा बाहेर पडला. महाराजांच्या पेल्यातलं पाणी पाणीच राहिलं.

"म्हाराज पापी निघाले," पुंजाराम गंभीरपणे म्हणाला.

पेटी उघडली. आत भुसा, पत्रा, फोडलेला बर्फ आणि त्यावर मूठमूठ जाडं मीठ. भारतीने सांगितलं, की बर्फात मीठ घातलं की तो वितळायला लागतो आणि वितळताना इतका गार होतो, की त्यात ठेवलेलं साधं पाणी सहज गोठतं. पुंजारामचं बोट पोळलं ते त्याच गारठ्याने. पण पाण्यातच एवढं मीठ मिसळलेलं असेल, तर ते गोठायला त्याहूनही जास्त गारठा लागतो. तेवढा या पेटीत नाही. म्हणून चांगल्या माणसाला नुसती राख आणि नको असलेल्या माणसाला मीठ.

तीर्थ वाया जाऊ नये म्हणून कारभारींनी महाराजांना त्यांचा पेला शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला लावला आणि मग जामखेडच्या पोलिसांच्या हवाली केलं.

रतनबाई आपला गोळा ओंजळीत धरून बसून होती. बोटांतून पाणी ठिबकत होतं, ती रडत होती आणि हसतही होती. बायकांनी मान खाली घालून तिला विचारलं, पाणी भरू का.

"भरा की," ती म्हणाली. "मी कवा न्हाई म्हनले हुते?"

भारती पारावरून खाली उतरता उतरता थांबली. "पाणी कुणाचं मन बघत नाही," ती म्हणाली. "त्यात काय मिसळलंय आणि भोवती गारठा किती आहे, एवढंच त्याला कळतं. माणूस चांगला की वाईट, हे तुम्ही इतकी वर्षं शेजारी राहून ठरवायचं, पेटीला विचारून नाही. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी एकदा चाखून बघा."