खचलेली नव्हे, उतरती

मी बोलतेय, कोपऱ्यावरच्या शाळेची इमारत. चपट्या डोक्याची, खिडक्याच खिडक्या असलेली, रंग उडालेली. हो, तीच. मी देखणी नाही, हे मला कुणी नव्याने सांगायला नको. पण गेल्या आठवड्यात माझ्यावर एक अहवाल तयार झाला. 'कमान नाही, नक्षी नाही, वारसामूल्य शून्य. व्हरांडा दीड फूट खचलेला. पाडण्यास योग्य.' शून्य म्हणा, तेही ऐकून घेईन. खचलेली म्हणाल, तर गाठ माझ्याशी आहे!

लढाई संपली त्या वर्षी माझा जन्म झाला. लोखंड मिळत नव्हतं, दगड परवडत नव्हता. मोडक्या घरांच्या विटा वस्तीतल्या आयाबायांनी घासूनपुसून आणल्या आणि त्यांतून मी उभी राहिले. नक्षीकामाला सवड होती कुणाला? मुलं चार वर्षं तळघरात बसून शिकली होती, त्यांना उजेड हवा होता. म्हणून एवढ्या खिडक्या.

आता व्हरांड्याचं ऐका. गवंड्याने दाराशी तीन झकास पायऱ्या बांधल्या होत्या. मुख्याध्यापिकाबाई आल्या, पायऱ्या पाहिल्या आणि त्याच्या हातात एक कुबडी दिली.

"एक पाय वर धरा आणि चढून दाखवा."

लढाईने कितीतरी मुलांच्या काखेत कुबड्या दिल्या होत्या. गवंडी दुसऱ्याच पायरीवर आपटला. "जिंकलात बाई," म्हणत कंबर चोळत उठला आणि दुसऱ्या दिवशी त्याने आपल्याच हाताने पायऱ्या फोडल्या. मग या टोकापासून त्या टोकापर्यंत व्हरांडा हळूहळू उतरवत त्याने रस्त्याला टेकवला. प्रत्येक वर्गाची जमीन त्याच्या दारासमोरच्या व्हरांड्याशी जुळवून घेतली. चालणाऱ्याला पत्ताही लागू नये, इतकं बेमालूम काम. आता तेच माझ्या जिवावर उठलं होतं.

आज अहवालवाले इंजिनिअर शेवटची मापं घ्यायला आले. शिपाईबाई व्हरांडा पुसत होत्या. गेली तीस वर्षं त्याच पुसतात, बादलीतलं पाणी कुठे धावतं ते त्यांना पाठ आहे.

"साहेब, खचलेला नाही हो. उतरता केलाय."

"मावशी, दीड फुटाचा फरक आहे. यंत्र खोटं बोलतं का?"

"यंत्र कशाला खोटं बोलेल? पण खचलेलं घर मला विचारा. माझ्या घराचं दार खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. इथली दारं बघा की!"

आणि ओल्या हाताच्या एका बोटाने त्या एकेक दार ढकलत निघाल्या. बारा वर्गांची बारा दारं. करकरली, कुरकुरली, पण एकही अडलं नाही. शेवटची तीन तर इंजिनिअरने स्वतः उघडून पाहिली. मग त्यांनी भिंतींना ओळंबा लावला. भिंती सरळसोट! मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही.

ते खिडकीच्या कट्ट्यावर टेकले. "चुकलंच माझं, मावशी." त्यांनी 'खचलेला' खोडलं आणि 'मुद्दाम उतरता, बांधकाम भक्कम' असं लिहिलं. "पण उद्याच्या नगरपालिकेच्या सभेचं मला सांगता येत नाही. त्यांना इथे नवी इमारत हवीच आहे."

"ते त्यांचं ते बघतील. तुम्ही खरं लिहिलंत ना, झालं तर."

सभा उद्या अकराला आहे. मी हातापाया पडणार नाही. तुमच्या तीन पिढ्यांना मी उजेडात बसवलं, त्याचे उपकारही सांगणार नाही. ठेवलीत तर वर्ग भरवा. नाहीच ठेवलीत तर आणा तुमची यंत्रं, मला काही पळून जाता येत नाही. सहज कोसळेन, या भ्रमात मात्र राहू नका. आणि पुढे कुणी विचारलं, इथली जुनी शाळा कुठे गेली, तर 'पडली' म्हणून मोकळे होऊ नका. मी पडलेली नाही. डोळ्याला डोळा भिडवून सांगा, 'आम्ही पाडली.'